गळ्यातला टेप

१

गुंत्याची आई गेली आणि तिला गुंत्याच्याच रोबोने मारलं, असं आठवडा सरायच्या आत सगळ्या ऑफिसने ठरवूनही टाकलं. ठरवायला यांचं काय जातं!

दिसत होतं ते वाईटच होतं, हे मी नाकारत नाही. म्हातारी एकटी राहायची, घरीच शिवणकाम करायची. मोठी मुलगी, म्हणजे गुंत्याची ताई, संध्याकाळी आली तर आई शिलाई मशीनच्या पायाशी निष्प्राण पडलेली. तिच्या कुशीला टेकून आमच्या कंपनीचा केर काढणारा रोबो. आणि झोपतानाही जो तिच्या गळ्यातून निघायचा नाही तो मापं घ्यायचा टेप त्या रोबोच्या ब्रशमध्ये करकचून अडकलेला. ती वाकली असणार, लोंबता टेप ब्रशने पकडला असणार, हिसका बसून ती पडली असणार. इतके 'असणार' एका दमात म्हटले की लोकांना ते खरंच वाटायला लागतं.

मी कंपनीचा तक्रार विभाग सांभाळते. तोंडावर मला तक्रारकाकू म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे, पण ते जाऊ दे.

साहेबांनी बोलावून घेतलं. "काकू, दोन ओळींचा अहवाल द्या. ब्रशचा दोष, बस्स. नवा ब्रश रद्द करू आणि विषय संपवू."

"आधी बघते, मग लिहिते."

"बघण्यासारखं काय उरलंय आता?"

"ते बघितल्यावर कळेल," मी म्हटलं. साहेबांशी असं बोललेलं मला चालतं, कारण त्यांच्या वाटच्या शिव्या फोनवर मी खाते.

गुंत्या त्याच्या टेबलाशी नव्हता. मागच्या जिन्यात बसलेला सापडला. हा आमचा ब्रशवाला इंजिनियर. ब्रशमध्ये केस आणि दोरे गुंतू नयेत म्हणून याने इतकी डोकेफोड केली, की सगळे त्याला गुंत्याच म्हणायला लागले. आईच्या घरात जमिनीवर कायम दोऱ्यांचा सडा. जुना रोबो रोज दोरे गिळायचा आणि ठप्प व्हायचा. म्हणून याने फणीसारख्या दातांचा नवा ब्रश बनवला आणि चाचणीचा पहिला रोबो आईच्याच घरी ठेवला.

"काकू, मीच मारलं तिला," तो म्हणाला. डोळे कोरडे ठणठणीत होते. तो रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ताई काय म्हणते?"

"माझ्याशी बोलत नाही. दवाखान्यात तिने डॉक्टरांना एकच विचारलं, लवकर आणलं असतं तर वाचली असती का. ते म्हणाले, कंबर मोडली होती, पडल्यावर बराच वेळ जीव होता, पण वाचली असती का ते सांगता येत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुझ्या मशीनने आईला खाल्लं." त्याने तळहात चोळले. "राजीनामा दिलाय मी. यातलं काही आता हातात धरवत नाही."

"नको धरूस. पण माझा अहवाल होईपर्यंत 'मीच मारलं' हे तुणतुणं तेवढं बंद ठेव."

"अहवाल कशावरून लिहिणार, काकू? जोरभाऊने रोबो उघडला सकाळीच."

मी ताडकन उठले. चौकशी होईपर्यंत रोबोला कुणी हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांदेखत बजावलं होतं.

२

जोरभाऊ म्हणजे वर्कशॉपचा प्रमुख. त्याचं एकच म्हणणं, रोबोने केर जोरात ओढला पाहिजे, बाकी सगळं मागाहून. मी आत शिरले तेव्हा रोबो टेबलावर उलथा पडलेला, पोट उघडं, आणि हा बाजूला मूठ आवळून उभा.

"कुणाला विचारून उघडलास रे?"

"अहो काकू, टेप काढायला नको?"

"काढलास कसा?"

"कापून. आणखी कसा काढतात?"

वर्कशॉपची ही जुनी खोड. ब्रशमध्ये काहीही अडको, हे उलगडत बसत नाहीत. साफसफाई सोपी व्हावी म्हणून रोबोच्या पोटातच एक छोटी पाती दिलेली असते. तिने खसाखस कापायचं आणि ओढून मोकळं व्हायचं. पण ब्रशमधून निघालेलं काहीही फेकायचं नाही, पिशवीत घालून माझ्याकडे द्यायचं, हा माझा नियम आहे. त्याने तो पाळला होता, निदान माझ्या तोंडाला भिऊन तरी. मी टेपच्या तुकड्यांची पिशवी ताब्यात घेतली.

"आता मूठ उघड."

"काही नाही हो."

"काही नाही तर उघड की!"

मुठीत मोटरचे स्क्रू होते. ब्रशमधला टेप काढायला मोटरला हात लावायची काही गरज नसते, एवढं मलाही कळतं.

जोरभाऊ स्टुलावर मटकन बसला. "मोटर मी बदलली होती, काकू. त्या घरात दोऱ्यांचा केर फार, म्हटलं जास्त ताकदीची मोटर कशी चालते बघू. गुंत्याला बोललो नाही. आवाज फार होतो म्हणून तो नकोच म्हणाला असता." मुठीतले स्क्रू त्याने टेबलावर ठेवले. "एवढ्या जोराने टेप ओढला गेला असेल तर... तर त्याने नाही, मीच मारलं ना म्हातारीला?"

एका मरणाला आता दोन मारेकरी झाले होते, आणि दोघेही स्वतःहून कबुली देत होते.

३

"रडायचं ते नंतर रड," मी म्हटलं. "केराचा कप्पा उघडलास का?"

"नाही. तो आधी वजन करून मग उघडायचा असतो."

देव पावला. कप्पा पारदर्शक आहे. हवेच्या ओढीने केर मागच्या जाळीवर थरावर थर दाबला जातो. आधी आलेलं तळाला, मागून आलेलं वर. मी तो खिडकीपाशी नेऊन धरला आणि गुंत्याला खाली बोलावलं.

तळाला शर्टाची बारीक बटणं आणि शिंप्याच्या खडूचा चुरा. त्याच्यावर दोरे, रंगीबेरंगी, मूठभर. आणि बस्स. पलंगाखालची धूळ नाही, स्वयंपाकघरातला कचरा नाही, काही नाही.

"आई कप्पा रिकामा कधी करायची?"

"रोज सकाळी, चहा झाला की," गुंत्या म्हणाला. "एका हाताने उघडतो तो. तिचे सांधे दुखायचे म्हणून मी तसाच केला."

"म्हणजे सकाळी कप्पा कोरा. आता मला सांग, ही बटणं आणि हा खडू कुठून आले?"

"बटणांची डबी आणि खडू शिलाई मशीनवर असायचे. आम्ही गेलो तेव्हा सगळं खाली सांडलेलं होतं. पडताना तिने मशीनवर अंथरलेलं कापड धरलं असणार, त्याबरोबर सगळं खाली आलं."

"बरोबर. पडताना. मग बटणं तळाला कशी रे?"

तो कप्प्याकडे बघत राहिला. कळायला त्याला वेळ लागला. दुःखाने माणूस मंद होतो, त्यात त्याचा दोष नव्हता.

"रोबो चालू असताना ती पडली असती," मी म्हटलं, "तर खाली आधी घरातली धूळ असती आणि बटणं वर असती. या रोबोने त्या दिवशी पहिली गोष्ट गिळली ती सांडलेली बटणं. तुझी आई पडली तेव्हा हा बंद होता. त्याने तिला पाडलं नाही."

जोरभाऊने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गुंत्या मात्र हलला नाही. "पण काकू, हा आपोआप सुरू होत नाही. वरचं बटण दाबावं लागतं."

"कधी सुरू झाला ते याच्या पोटात नोंदलेलं असेल ना?"

"बॅटरी पार उतरली की या मॉडेलमधलं सगळं पुसलं जातं. इथे आला तेव्हा उतरलेलीच होती."

म्हणजे म्हातारी जमिनीवर पडलेली असताना त्या घरात कुणाच्या तरी हाताने रोबो सुरू केला होता.

४

शेजारीणबाईंनी दार उघडलं आणि मी कोण ते सांगायच्या आतच बोलायला लागल्या. आम्हाला अशी माणसं फार उपयोगी पडतात.

"त्या दिवशी भिंतीपलीकडे नुसतं घर्रर्र चाललेलं हो! थांबायचं, परत सुरू व्हायचं, परत थांबायचं. आधी एवढा आवाज नव्हता त्याचा. शेवटी मी टीव्ही मोठा केला."

"किती वेळ चाललं होतं?"

"सकाळभर म्हणा ना. जेवणवेळेला एकदम गप्प झालं."

"दुसरा काही आवाज? कुणी आलं, गेलं?"

"त्या घरघरीत काय ऐकू येणार?" त्या म्हणाल्या, आणि आपणच काय बोललो ते कानावर पडल्यासारख्या थांबल्या. डोळे भरून आले त्यांचे. "त्यांनी हाक मारली असेल का हो मला?"

 जोरभाऊची मोटर मनात घर्रर्र करत होती.

"दार कुणी उघडलं?"

"ताईने. तिच्या किल्लीने. आतून लॅच लागलेलं होतं. मी तेव्हा जिन्यातच होते. सकाळपासून कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. खाली पायऱ्यांची दुरुस्ती चालली होती, गवंडी दिवसभर इमारतीच्या दारातच बसलेले."

"ताई रोज येतात का संध्याकाळी?"

"छे! रविवारी येते. त्या दिवशी मात्र दुकान लवकर बंद करून आली, धापा टाकत जिना चढली. मी म्हटलं, आज कशी गं? तर म्हणाली, सहज."

धापा टाकत कुणी सहज येतं का? मी ते डोक्यात ठेवलं.

"रोबोबद्दल आजींची काही तक्रार?"

बाई ओल्या डोळ्यांनी हसल्या. "बोका म्हणायच्या त्याला. पलंगाखाली शिरतो म्हणून. नवा ब्रश आल्यापासून कुरकुर चालायची, बोका फार शहाणा झाला, आता ताईचा फोनसुद्धा येत नाही. बोक्याचा आणि फोनचा काय संबंध, मला मेलीला काही कळलं नाही."

घरात कुणी शिरलं नव्हतं. तरी रोबो सुरू झाला होता, सकाळभर चालला होता, आणि सकाळभर चालूनही हातभर जागेच्या पलीकडचा केर त्याने उचलला नव्हता.

५

गुंत्याने आईच्या घराचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. मी त्याचा दंड धरून आत नेलं. खोली लहान, उजेडाची. खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्या खाली रोबोची चार्जिंगची जागा. अर्धा शिवलेला कुणाचा तरी झगा अजून मशीनच्या सुईखाली होता.

"कुठे पडली होती ती दाखव."

त्याने बोटाने दाखवलं. मी पदर खोचला आणि तिथे आडवी झाले.

"काकू, अहो, काय करताय!"

"गप्प बस आणि सांग, अशीच होती ना?"

माझ्या वयाला आणि वजनाला ते शोभत नव्हतं, पण जमिनीवरून घर वेगळंच दिसतं. दार फार लांब होतं. फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार्जिंगला असायचा, म्हणजे त्याहून लांब. कंबर मोडलेल्या बाईला ते दोन्ही दुसऱ्या गावाला असल्यासारखेच. हात लांबवला तर एकच गोष्ट हाताला लागत होती, बोक्याची जागा.

मशीनच्या पायामागे काहीतरी दिसलं म्हणून मी हात घातला. दोऱ्याची रिळं, सगळी उघडी बोडकी, एकावरही दोरा नाही.

"ही अशी खाली टाकायची का आई?"

"रीळ संपलं तरी फेकायची नाही ती. डब्यात ठेवायची. आणि एकाच दिवशी सगळी कशी संपतील?"

मी उठून बसले. पिशवीतले टेपचे तुकडे मशीनच्या लाकडावर ओतले. "याच्यावर आकडे आहेत. लाव ओळीने."

तो लावत गेला. एक, दोन, पाच, अकरा. इंजिनियरचे हात, कामाला लागले की चुकत नाहीत. मधला एक तुकडा मात्र ओळीत बसेना. तो सरळच होत नव्हता. टेप दुहेरी करून, वळसा घालून, त्याच्यावर आवळून गाठ मारलेली होती. जोरभाऊच्या पातीने दोन्ही बाजूंनी कापलं होतं, मधली गाठ तशीच राहिली होती.

गुंत्याने ती उचलली. "ही आईची गाठ आहे," तो म्हणाला. "कापलेल्या कपड्यांचे गठ्ठे ती अशीच बांधायची. लहानपणी आम्हाला सुटायची नाही."

"रोबो टेप ओढू शकतो," मी म्हटलं. "गाठ मारू शकत नाही."

तो तसाच खुर्चीत बसला. मी जमेल तेवढ्या हळू सांगितलं. ती पडली. उठता येईना. आवाज कुणापर्यंत जाईना. तिने बोक्याला हाताखाली ओढून सुरू केलं, मशीनच्या पायाशी दाबून धरलं, आणि त्याला दोरा खायला घातला. अडकला नाही. पुन्हा थांबवून पुन्हा घातला. एकेक रीळ संपवलं. तुझा ब्रश सगळं बिनबोभाट गिळत राहिला. शेवटी तिने गळ्यातला टेप काढून ब्रशला बांधला.

"ती त्याला अडकवत होती," तो पुटपुटला. "मुद्दाम. पण का?"

"ते तू मला सांग. ब्रश अडकला की रोबो काय करतो?"

"थांबतो. आणि संदेश पाठवतो. माणसाला उगाच त्रास द्यायचा नाही म्हणून बाकी सगळं तो स्वतः निस्तरतो. हाक मारतो ती तेवढ्याच एका वेळी."

"कुणाच्या फोनवर?"

"माझ्या फोनवर चाचण्यांचे इतके संदेश येतात, की या घराचा मी..." त्याने माझ्याकडे बघितलं.  "ताईच्या."

६

ताईंचं चष्म्याचं दुकान आहे. मी गेले तेव्हा त्या काचा पुसत बसल्या होत्या, पुसलेल्याच पुन्हा. गुंत्याला मी बाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

मी काही आरोप केला नाही. टेपची ती गाठ फक्त काउंटरवर ठेवली.

त्यांनी ती लगेच ओळखली. बराच वेळ बोटाने चाचपत राहिल्या.

"जुना बोका रोज अडकायचा," त्या म्हणाल्या. "संदेश आला की मी फोन करायची, परत दोरा गिळला ना गं त्याने? मग आम्ही बोलत बसायचो, जेवलीस का, झोपलीस का. नवा ब्रश आला आणि ते बंद झालं. कारणच राहिलं नाही ना फोन करायला! आईला फोन करायला कारण लागतं का हो? पण लागत होतं मला."

"त्या दिवशी आला ना संदेश?"

"गिऱ्हाईक बसलं होतं. त्याच्या डोळ्यांवर काचा बदलत होते. फोन वाजला, बघितलं, ब्रश अडकला आहे. म्हटलं, बघू नंतर." त्यांनी हवेतच बोट आडवं फिरवलं. "असा घालवला. मग विसरले. संध्याकाळी आवराआवर करताना एकदम लक्षात आलं, नवा ब्रश तर अडकतच नाही. अडकवल्याशिवाय."

म्हणून त्या धापा टाकत जिना चढल्या होत्या. आणि म्हणून डॉक्टरांना त्यांनी तो एकच प्रश्न विचारला होता.

"तुम्हाला दारातच कळलं होतं."

"टेप बघितला आणि कळलं. फोनमधून तो रोबो पुसून टाकला मी. भावाकडे बघितलं, तर तो म्हणत होता मीच मारलं. मला वाटलं, म्हणू दे. एक दिवस म्हणू दे, मग सांगते. मग दुसरा दिवस आला." त्या हुंदके द्यायला लागल्या. "ती मला बोलावत होती हो. सकाळभर. मला!"

रागवायचं ठरवून गेले होते मी, पण ते जमलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, तो बाहेर बसलाय. हे त्याला माझ्याकडून कळलंय. पण ऐकायचंय त्याला तुमच्याकडून."

त्या बाहेर गेल्या. काचेच्या दारातून मला शब्द ऐकू आले नाहीत. ताई बोलत होती, तो ऐकत होता. मग तो उठला आणि तिच्याकडे न बघता चालता झाला. तिने हाक मारली नाही.

७

अहवाल मी दोन ओळींचाच दिला, साहेबांना हवा होता तसा. रोबोने आजींना पाडलं नाही. त्यांनी रोबोकरवी हाक मारली होती. साहेबांनी तो वाचून चष्मा काढला आणि नवा ब्रश रद्द केला नाही. जोरभाऊने आपली मोटर स्वतःच मोडीत काढली. आणि रोबोच्या पाठीवर मदतीसाठी वेगळं बटण हवं, जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल असं, हे मी प्रत्येक बैठकीत इतकं बोलले की शेवटी कंटाळून त्यांनी ते दिलं.

गुंत्याने राजीनामा मागे घेतला, पण बरेच दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. ताईचं नाव निघालं की उठून जायचा. मीही मध्ये पडले नाही. भावाबहिणीत तिसऱ्याने नाक खुपसलं की आणखीच बिघडतं.

मग एकदा एका कागदावर त्याची सही हवी होती म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी गेले. त्याचा रोबो खोलीत फिरत होता. गुंत्याने खिशातून एक रीळ काढलं, आईच्या डब्यातलं असावं, आणि चांगला वीतभर दोरा तोडून रोबोच्या वाटेत टाकला. रोबो त्याच्यावरून गेला, घुसमटला आणि बंद पडला.

"अरे! तुझा ब्रश आणि अडकला?"

"माझा नाही, काकू. जुना बसवलाय."

"का रे बाबा?"

तो टेबलावरच्या फोनकडे बघत राहिला. त्याचं सगळं अंग कान झालं होतं. 

फोन वाजला. त्याने उचलला, आणि बाईचा घोगरा, घाबरा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

"परत दोरा गिळला ना रे त्याने?"

"हो गं ताई," गुंत्या म्हणाला. "दोराच आहे. मी बरा आहे. तू जेवलीस का?"